कोपराला पडलेलं भोक

माझी वहिनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाली आणि घर तिला खायला उठलं. महिनाभर तिने दादाच्या कपाटात डोकं घातलं, मग दादाच म्हणाला, "अगं, बाहेर काहीतरी बघ बाई."

म्हणून ती एका गोऱ्या साहेबाच्या जुन्या घराच्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून लागली. दोनशे वर्षांपूर्वी त्या घरात एक स्वयंपाकीणबाई होती, तिचं काम वहिनीकडे आलं. त्या काळचे कपडे घालायचे, खऱ्या चुलीवर खरं शिजवायचं, आणि बघायला येणाऱ्यांशी त्या काळातल्या बाईसारखं बोलायचं. कुणी मुद्दाम मोबाइल दाखवला की हिने विचारायचं, "हे काय असतं?" जन्मभर फोनवर पोट भरलेली बाई! आम्ही पोट धरून हसलो.

झगा मी शिवला. मी शिवणकाम करते. त्या बाईचा मूळ झगा तिथे काचेच्या कपाटात आहे, तो पाहून बेतला. मूळ झगा डाव्या कोपराला आणि उजव्या गुडघ्यावर विरलेला होता, दोन्हीकडे ठिगळावर ठिगळ. मी अर्थातच नवा, धडधाकट शिवला. कापडही जाड घेतलं, दहा वर्षं हलणार नाही असं.

दोन महिन्यांत वहिनी झगा घेऊन आली. डाव्या कोपराला भोक.

"भांडी घासतेस की रस्ते?" मी विचारलं.

"वन्सं, मी नुसती उभी असते हो." मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते.

मी आतून तुकडा लावून दिला. पुढच्या खेपेला उजवा गुडघा विरला होता. आता मात्र मी हसले नाही. वहिनीचे गुडघे गेलेत. देवापुढेसुद्धा ती खुर्चीत बसते. डॉक्टरने खाली बसायला सक्त मनाई केली आहे.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून मी संग्रहालयात गेले. आधी काचेचं कपाट गाठलं. शिवणाऱ्याची नजर चुकत नाही. ठिगळाच्या कडेने दिसणारं भोक त्याच जागी, त्याच तिरप्या आकाराचं.

मग स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. वहिनी पाहुण्यांच्या एका घोळक्याला पीठ कसं चाळायचं ते दाखवत होती, विनोद करत होती. घोळका पुढच्या खोलीत गेला. वहिनीने चाळणी ठेवली. हात पुसले. चुलीच्या डाव्या अंगाला गेली आणि झटकन, विशीतल्या पोरीसारखी, उजव्या गुडघ्यावर बसली. डावं कोपर फरशीवर टेकलं, वाकली आणि डावा कान फरशीला लावला.

बराच वेळ ती तशीच होती. मग हळूच म्हणाली, "आहे मी. बोला."

तो तिचा एक्सचेंजमधला आवाज नव्हता. घरातलाही नव्हता.

ती उठली, झगा झटकला, चाळणी हातात घेतली. मला पाहून खुलली. "अय्या, तू कधी आलीस?"

"वहिनी, खाली बसून काय करत होतीस?"

"मी? खाली?" ती हसायला लागली. मी तिच्या गालाला बोट लावलं आणि बोट तिला दाखवलं. राख होती. तिचं हसू तिथेच थांबलं.

मी व्यवस्थापकबाईंना सांगितलं. त्यांनी वेड्यात काढलं नाही. म्हणाल्या, "ती फरशी मलाही नेहमी पोकळ वाजते." आठवड्याभरात दोन गवंडी आले. वहिनी माझा हात धरून उभी होती. फरशी पहारीने उचलली, तर खाली दगडाने बांधलेला खड्डा. एक माणूस आडवा झोपेल एवढा. कोरडा, स्वच्छ आणि रिकामा.

"कंदमुळं ठेवायची जागा असेल," व्यवस्थापकबाई म्हणाल्या.

थोरल्या गवंड्याने फरशी उलटी केली आणि खालच्या बाजूवर तळवा फिरवला. सगळीकडे खरखरीत दगड होता. फक्त एका जागी, वहिनी कान लावायची तिथेच, दगड गुळगुळीत झाला होता. रोज पाय लागून उंबरा होतो तसा.

"हे वरून नाही झिजलं," तो म्हणाला आणि उगाच हात पॅन्टला पुसत राहिला.

वहिनीने माझा हात सोडला आणि खड्ड्यात वाकून पाहिलं. रडली नाही. नुसती म्हणाली, "गेलं वाटतं." काय गेलं, ते तिलाही सांगता येईना.

फरशी परत बसवायची ठरली तेव्हा मात्र ती अडून बसली. कधी कुणाच्या कामात मोडता न घालणारी बाई व्यवस्थापकबाईंसमोर ताठ उभी राहिली. "झाकू नका. वाटल्यास दोरी बांधा, पण झाकायचं नाही." शेवटी दोरीच बांधली.

मी तिला काम सोड म्हणून सांगून पाहिलं. ऐकत नाही. झगा आता धड आहे, त्या दोन जागी सूतसुद्धा विरलेलं नाही. कुणी खड्ड्याबद्दल विचारलं तर ती म्हणते, "मला ठाऊक नाही," आणि चुलीकडे वळते.

दादा सांगतो, हल्ली ती घरातलं एकही दार पूर्ण लावू देत नाही. कपाटाचंसुद्धा. थंडीत वारा आत येतो, तो रजई ओढून घेतो, पण उठून दार लावायला काही जात नाही.