आत माणसं, बाहेर मी

मी कुलूप बोलतोय. हौस म्हणून नाही. तोंड मिटून राहणं हा माझा धंदा, आणि तो मी आजवर इमानाने केला. पण ज्या कडीच्या गळ्यात मी इतकी वर्षं लोंबकळलो, ती रोज कानाशी भुणभुण करते. म्हणते, सांगून टाका एकदाचं, मनात ठेवाल तर गंजून मराल. बरं बाई, सांगतो. एकदाच सांगेन. शाळेचं तोंडही मी पाहिलं नाही, तेव्हा गोडगोड करून सांगणं मला जमायचं नाही. ऐकवत नसेल त्याने पुढची वाट धरावी.

माझं अंग पितळेचं, मान पोलादी. ज्या कारागिराने मला घडवलं, तो माझ्या पोटातली एकेक पट्टी हाताने घासायचा, चावी फिरवायचा आणि मला कानाशी धरून आवाज ऐकायचा. मनासारखा आवाज येईना तोवर त्याने मला हातावेगळं केलं नाही. कुलपाचं काम सोपं. मी दाराला असलो की घरात कोणी नाही. मी नसलो की माणूस आहे. ह्याच्यापलीकडे कुलपाला जगाशी काही बोलायचं नसतं, आणि एवढं बोलायला शिक्षण लागत नाही, खरेपणा लागतो.

माझा पहिला मालक गोदामावरचा रखवालदार. त्याला सगळे म्हातारा म्हणायचे, तो तरणा होता तेव्हापासून. मला लावलं की दोनदा ओढून बघायचा आणि मगच घरी जायचा. गोदामाला नवी शटरं आली तेव्हा जुनं भंगारात जाणार होतं, तर ह्याने मला मागून घेतलं आणि आपल्या घराला लावलं. बैठं घर, पुढचं दार रस्त्यावर, मागचं बोळात. म्हाताऱ्याने कोणाचा चहासुद्धा उधार प्याला नाही. शेवटी आजारी पडला, दवाखान्यात बरेच दिवस काढले आणि गेला.

त्याच्या मागे घर आलं मुलाकडे. ह्याला मी घरधनी म्हणतो. धनी म्हणताना तोंड कडू होतं, पण दुसरं काय म्हणू?

घरधनी फ्रिज आणि धुलाई मशिनं विकणाऱ्या दुकानात उभा राहून विक्री करतो. लोकांना सांगायचं, हप्त्याने घ्या, कधी फिटलं ते कळतही नाही. सांगून सांगून ते त्यालाच पटलं. म्हाताऱ्याच्या दवाखान्यासाठी त्याने कर्ज काढलं, ते मी समजू शकतो. बापासाठी काढलं, त्यात लाज कसली? पण त्याचा हप्ता थकल्यावर ह्याने कोणाला सांगितलं नाही. दुसरीकडून काढून पहिल्याचं भागवलं, तिसरीकडून काढून दुसऱ्याचं. आणि मधल्यामधे, सगळं ठीक आहे असं दिसावं म्हणून, भिंतीएवढा टीव्ही. बायको विचारायची, अहो, परवडतं का आपल्याला? हा म्हणायचा, तू नको काळजी करू. नको काळजी करू म्हणणाऱ्या माणसाइतकी काळजी कोणाचीच करू नये.

मग वसुलीवाला यायला लागला. स्कूटर लावायची, रुमालाने मान पुसायची आणि दार वाजवायचं. माणूस वाईट नव्हता. एकदा बायकोला सांगूनही गेला की वहिनी, ऑफिसात येऊन बोला, हप्ता कमी करून मिळतो, आम्ही काही माणसं खात नाही. घरधन्याने ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात वेगळाच दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुढचं दार ओढलं, मला बाहेरून लावलं, आजूबाजूला बघितलं, बोळातून वळसा घातला आणि मागच्या दाराने आत जाऊन बसला. बायको आत, मुलगी आत, हा आत. आणि मी बाहेर जगाला सांगतोय, घरात कोणी नाही.

शिसारी आली मला. अजून येते. म्हाताऱ्याच्या हाताखाली मी चोर अडवले होते. आता चोर आत होता आणि मी त्याची राखण करत होतो.

पुढे ती रीतच पडली. दुकानाला सुट्टी असली की मी दाराला. कडीचे खिळे फळीतून आरपार गेलेत, तिला आतली बातमी आधी कळते. ती मला सांगायची. टीव्ही लावायचा पण आवाज बंद. नळ बारीक सोडायचा. शिंक आली तर उशीत. एवढा मोठा टीव्ही आणि त्यातली माणसं नुसती तोंडं हलवतायत, आणि समोर बसलेलीही तशीच. मुलीला कुजबुजायची इतकी सवय लागली की शाळेतून बाईंनी विचारलं, हिच्या घशाला काही झालंय का? घशाला काही झालं नव्हतं हो. बापाला झालं होतं.

वसुलीवाला यायचा, माझं नाक धरून हिसका द्यायचा आणि शेजारच्या शिंपीणबाईला विचारायचा. तिचं मशीन खिडकीशी, रस्त्यावरचा कुत्राही तिच्या नजरेतून सुटत नाही. घरधनी बोळातून आत शिरताना तिने दरवेळी पाहिला असेल. पण तोंडात टाचण्या धरून ती सांगायची, बाहेरगावी गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. मला नवल वाटायचं. जी बाई उसवलेल्या शिवणीचे पैसे सोडत नाही, ती ह्याच्यासाठी फुकट खोटं का बोलते?

अशाच एका सुट्टीच्या दुपारी स्कूटरचा आवाज नाही, पायांचा आवाज आला. जड, सावकाश. बायकोचा थोरला भाऊ. बस चालवतो, दुसऱ्या शहरात राहतो. हातात पेरूंची पिशवी. मला दाराला बघून थबकला. शिंपीणबाईने तिचं नेहमीचं सांगितलं. तो म्हणाला, आलोच आहे तर बसतो थोडा वेळ, आणि पायरीवर टेकला.

तो का आला होता ते पुढे कळलं. घरधन्याने एका कर्जाच्या कागदावर, विचारल्याशिवाय, ह्याचा फोन नंबर देऊन ठेवला होता. कर्जवाल्यांनी त्याला फोन केला होता. त्याने बहिणीला फोनवर काही विचारलं नाही. गाडी पकडून आला.

तो खोकला. एवढंच. पण बहिणीला भावाचा खोकला कळतो. कडी म्हणाली, ती धावत दाराशी आली आणि फळीला हात लावून उभी राहिली. घरधनी मागे, ओठावर बोट. तिने खुणेने सांगितलं, माझा दादा आहे. ह्याने खुणेनेच सांगितलं, असू दे. असू दे! पायरीवर भाऊ, दाराआड बहीण, मध्ये एक फळी आणि मी.

आणि कुकरची शिट्टी झाली.

एवढ्या सोंगाढोंगात गॅस बंद करायचा राहिला होता. शिट्टीही कशी, लांबलचक, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. शिंपीणबाईचं मशीन थांबलं. आत धावपळ झाली, काहीतरी आपटलं, मग चिडीचूप.

भाऊ उठला. त्याने दार वाजवलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. पेरूंची पिशवी माझ्या मानेला अडकवली आणि निघून गेला. चोर, वारा, पाऊस, सगळं सोसलंय मी. त्या पिशवीइतकं जड काही माझ्या मानेवर पडलं नाही.

आत घरधनी म्हणाला, गेला ना? सुटलो.

सुटलो म्हणाला तो. तेवढ्यावर ती पेटली. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून तिने चावी काढली. हा म्हणाला, अगं, बाहेर जाऊ नकोस, लोक बघतील. ती मागच्या दाराने निघाली, बोळातून वळसा घालून पुढे आली, हाताला पीठ तसंच.

शिंपीणबाईने टाचण्या काढल्या आणि विचारलं, "काय गं, बाहेरगावी होतीस ना?"

"आत्ताच आले," ती म्हणाली आणि चावी फिरवली.

दार सताड उघडलं. भर दुपारी सगळ्या रस्त्याला दिसला तो घरधनी: अंगात बनियन, हातात फडक्यात धरलेली कुकरची शिट्टी. लपायला जागा नव्हती, टीव्हीने सगळी भिंत खाल्ली होती. तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पिशवी घेतली, मला मुठीत धरलं आणि बसथांब्याकडे निघाली.

भाऊ बाकावर बसला होता. ती समोर उभी राहिली. मग मलाच त्याच्या हातावर ठेवलं.

"दादा, मी आत होते."

"शिट्टी ऐकली मी." बराच वेळ तो माझ्यावरचं पीठ अंगठ्याने पुसत राहिला. "मला वाटलं, आता तुला मी नको झालो. तेवढंच मनाला लागलं. कर्जाचं काय गं, ते मलाही होतं."

 मग तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या धुरात, त्याने आपली कहाणी सांगितली. तोही असाच बुडत होता, तोही बायकोला काळजी करू नको म्हणायचा. डेपोतल्या एका मेकॅनिकने त्याला एका सल्लागारबाईंकडे नेलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतात, पैसे घेत नाहीत, कर्जात अडकलेल्या घरांना वाट काढून देतात. तशी सोय इथेही आहे, म्हणाला, मी चौकशी करूनच आलोय. फक्त तिथे खोटं बोलायचं नाही. तिने विचारलं, येशील माझ्याबरोबर? तो म्हणाला, नाहीतर एवढा प्रवास पेरू द्यायला केला का?

घरधन्याला न्यायला मात्र दोघांना जोर लावावा लागला. म्हणे, घरातली गोष्ट बाहेर कशाला? घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून तर मला बाहेर टांगलं होतं ह्याने.

इथल्या सल्लागारबाईंची खोली साधी. करकरणारा पंखा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. त्या रागावल्या नाहीत. कोणाकोणाचं देणं आहे ते सांगा, म्हणाल्या. घरधनी सांगायला लागला, आणि ऐका, इथेही त्याचं दुकान सुरू! फ्रिज विकावा तसं एकेक कर्ज पुसून, चकचकीत करून पुढे ठेवत होता. हे तर फिटतच आलंय, ते किरकोळ आहे. बाईंनी विचारलं, राहिलं कोणी? नाही म्हणाला.

बायकोने पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी जरा जोरातच वाजलो.

"हे आमच्या दाराला असायचं, बाई. आम्ही आत असताना."

 बाईंनी चष्मा लावून मला पाहिलं, मग घरधन्याला.

"बाहेरून लावायचं कोण?"

"मीच," घरधनी म्हणाला.

"आणि शेजारी कोणी काही बोलायचं नाही?"

घरधन्याने मान खाली घातली.  मग पुटपुटला, शिंपीणबाईचेही घेतलेत. तिच्या नव्या मशीनसाठी साठवलेले. तरीच! आपले पैसे बुडू नयेत म्हणून ती दुसऱ्यांना दारातून परतवत होती. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की मी पितळेचा असून मला कापरं भरलं. भाऊ उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

बाई एवढंच म्हणाल्या, "आता सगळे आले. आता करता येईल."

त्यांनी सांगितलेलं काही जादूचं नव्हतं. जुनं फेडायला नवं काढायचं नाही. आधी खाणं, औषध, शाळा, वीज. उरेल त्यात सगळ्यांचं थोडं थोडं. आणि प्रत्येकाला एकच खरं सांगायचं, एकाला एक नि दुसऱ्याला दुसरं नाही. फोन त्यांनी तिथूनच लावले, पण बोलायला घरधन्याला लावलं.  वसुलीवाल्याच्या ऑफिसने हप्ता कमी केला. एक कर्जवाला अजून ऐकत नाही, बाई त्याच्या मागे आहेत. टीव्ही विकला गेला. भिंतीवर त्याच्या जागी नुसता चौकोन उरलाय, तो मला टीव्हीपेक्षा बरा दिसतो. बायको शिंपीणबाईकडे काज-बटणं करते. शिंपीणबाई मजुरीतून पैसे कापते आणि वर टोमणे मारते, ते मात्र फुकट देते.

तेव्हा आता गोड मानून घ्या, असं मी म्हणणार नाही. कर्ज आहे, बरंच आहे, बरीच वर्षं राहील. पण परवा वसुलीवाला आला तर दार उघडं. मुलगी आतून ओरडली, बाबा, ते काका आलेत! केवढ्याने ओरडली. तो बिचारा दचकून एक पायरी मागे सरकला.

तुमच्याकडे मागणं एकच. देणं झालं असेल तर दार उघडा आणि ज्याला विचारायचं त्याला विचारा. घरात माणूस असताना बाहेरून कुलूप लावू नका. येणारा प्रत्येक जण घ्यायलाच येतो असं नसतं, आणि घ्यायला आलेला कोण, द्यायला आलेला कोण, हा फरक आम्हा कुलपांना करता येत नाही.

मी आहे त्याच दाराला आहे. सकाळी सगळे कामाला-शाळेला गेले की मला लावतात, तेव्हा घर खरोखर रिकामं असतं. पोटातली एक पट्टी अडकते हल्ली, तेल कोणी घालत नाही. ती कडी आता समाधानाने गप्प आहे. मी नाही. त्या माणसाने बायकोची माफी मागितली, पुढ्यात बसून मागितली. डेपोत जाऊन मेहुण्याची मागितली. शिंपीणबाईची मागितली, वसुलीवाल्याचीसुद्धा मागितली. पण ज्याला त्याने भाड्याच्या साक्षीदारासारखं रस्त्यावर उभं केलं, ज्याच्या तोंडून बायकोच्या सख्ख्या भावाला घरात कोणी नाही म्हणून सांगितलं, त्याला तो रोज हात लावतो, चावी फिरवतो, दोनदा ओढून बघतो आणि एक अक्षर न बोलता निघून जातो. माझी माफी न मागणारा तो कोण, असं कोणी विचारलं तर बेलाशक सांगा: ह्या घराचा घरधनी.