थ्री हंड्रेड की थ्री थर्टी-एट

"हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, तेव्हा विश्वास ठेवायचा त्रास घेऊच नका," प्रतापराव म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप जावयाच्या लॅपटॉपला अगदी खेटून ठेवला.

हरीशने कप उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या त्या घरात बेचाळीस दिवस हेच चाललं होतं. सासऱ्याने वस्तू ठेवायची, जावयाने उचलायची. केळ्याची साल चुकीच्या डब्यात पडली म्हणून एकदा हरीशने ती चिमट्याने काढून सासऱ्याच्या डोळ्यांसमोर हिरव्या डब्यात टाकली होती. प्रतापरावांनी दुसऱ्या दिवशी दोन केळी जास्त खाल्ली. मधल्या मधे उल्का, एकाची मुलगी आणि दुसऱ्याची बायको, आताशा दोघांशीही दात आवळूनच बोलत असे.

आजचं भांडण मात्र सालींवरून नव्हतं. हरीश आणि त्याचा कंपनीतला मित्र अंबरीश, दोघंही दिवसभर चिप बनवणाऱ्या यंत्रांची मापं काढत आणि शनिवार-रविवारी रायफल क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडत. आता दोघांना लांब पल्ल्याची हाव सुटली होती, म्हणजे हजार मीटर आणि पुढे. त्यासाठी मॅग्नम हवी. मॅग्नम म्हणजे दारू जास्त भरलेलं दांडगं काडतूस. काडतुसं घरी भरायचं यंत्र दोघांत मिळून घ्यायचं, म्हणून कॅलिबरही एकच हवं. इथंच गाडी अडली होती. हरीशला थ्री हंड्रेड विनचेस्टर मॅग्नम हवी होती, अंबरीशला थ्री थर्टी-एट लापुआ. उद्या रविवारी दोघं जर्मनीतल्या एका हजार मीटरच्या रेंजवर जाणार होते. तिथं भाड्याची एकच रायफल मिळणार होती, आणि ती कुठली तयार ठेवायची ते आज पाचच्या आत कळवायचं होतं. जी उद्या हातात पडेल तिच्याच परवान्याचा अर्ज सोमवारी पोलिसांकडे जायचा होता.

घड्याळात सव्वाचार झाले होते.

प्रतापरावांना थ्री हंड्रेडचं सोयरं नव्हतं की थ्री थर्टी-एटचं सुतक नव्हतं. त्यांना उद्या त्या गाडीत बसायचं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. त्यांच्या बोटांखालून किती काडतुसं गेली याची गणती नाही, पण त्यातलं एकही त्यांनी झाडलं नव्हतं. झाडायचा विभाग भिंतीपलीकडे. यांच्या वाट्याला फक्त आवाज यायचा, तोही दुपारच्या डब्याच्या वेळेला. वयाची चौऱ्याहत्तर वर्षं झाली, गुरुवारचं परतीचं विमान, आणि अंबरीशच्या तोंडून परवा सहज निघून गेलं की त्या रेंजवर पासपोर्ट दाखवून पाहुण्यालाही पाच गोळ्या झाडू देतात. अट एकच. या माणसाने मॅग्नम पूर्वी चालवलेली आहे, असं लिहून, पाहुण्याला घेऊन येणाऱ्याने खाली सही करायची.

सकाळी त्यांनी जावयाला विचारून पाहिलं होतं. हरीश दात घासत होता. तोंडातला फेस थुंकून तो म्हणाला होता, "बाबा, माझी सही मी अशी रस्त्यावर वाटत नाही. आणि तुमचा खांदा निखळला तर हाउसआर्ट डॉक्टरच्या दारात मी बसू का?"

मग राहिला अंबरीश.

"तुझ्या एक्सेलला चौदा कॉलम आहेत हरीश, आणि चौदाही तुझ्याच बाजूने बोलतात," अंबरीश म्हणत होता. "हे शीट आहे की निवडणुकीचा जाहीरनामा?"

"डेटा आहे. थ्री हंड्रेडचा धक्का कमी. सबंध दिवस नेम धरून पडून राहायचं तर धक्का मोजावा लागतो. तुला मोजायचं नसेल तर तो तुझा प्रश्न."

"हजार मीटरच्या पुढे तुझी गोळी वाऱ्यावर वरात काढेल."

"पुढे कोण चाललंय? उद्या हजारच आहे."

"तू आयुष्यात कधी पुढे जाणारच नाहीयेस, हे मला कॉलम बघूनच कळलं होतं."

"घरात अजून एकही बंदूक आलेली नाही," उल्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि दोघं एकमेकांना गोळ्या घालायच्या बेतात आहेत. आली की मला आधी सांगा, मी नायमेखनला मैत्रिणीकडे, मृदुलाकडे राहायला जाईन."

प्रतापरावांनी मान डोलावली आणि टेबलावर अंबरीशने आणलेल्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्यांकडे हात नेला. एक थ्री हंड्रेडची, बुडाशी पितळेचा जाडसर पट्टा असलेली. दुसरी थ्री थर्टी-एटची, पट्टा नसलेली, अंगाने थोराड.

"त्या खेळायच्या वस्तू नाहीत," हरीश म्हणाला.

"खेळतोय कोण जावईबापू? मी तर नमस्कार करतोय. अंबरीश, कागदाची एक यू-पिन दे रे."

पिन सरळ करून त्यांनी टोकाला नखाएवढा बाक दिला, ती पट्ट्याच्या पुंगळीत खाली सोडली आणि डोळे मिटून आतून हळूहळू वर ओढली.

"किती वेळा भरलीय ही?"

"क्लबातल्या एकाची आहे. पाच-सहा वेळा असेल," अंबरीश म्हणाला.

"पट्ट्याच्या जरा वर खाच पडलीय. बोटाला लागते. अजून एकदा भरली तर इथून तुटेल, बूड बाहेर येईल आणि धड आत राहील. पट्ट्यावर टेकवून भरत गेलात की पितळ इथं ताणलं जातं. घ्या, तुमच्या पंधराव्या कॉलमात टाका."

हरीशने पिन हिसकावून घेतली, स्वतः फिरवून पाहिली. खाच होती. तो म्हणाला, "पुंगळीच्या खांद्यावर टेकेल अशी भरली तर असं होत नाही."

"बरोबर. मग ज्याने भरली त्याला हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, फक्त कॉलम नव्हता."

अंबरीश मोठ्याने हसला. त्या हसण्याने म्हातारा तरारला. आता खरं तर त्याने गप्प बसायला हवं होतं. इथवर जे बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि तेवढ्यावर थ्री थर्टी-एट जिंकतही आली होती. पण खऱ्यावर गाडीत जागा मिळत नव्हती. पितळ तपासणारा माणूस रायफल चालवणारा ठरत नाही. सहीला दुसरंच काही हवं होतं.

"आणि थ्री थर्टी-एटचं म्हणाल," प्रतापराव सावकाश म्हणाले, "तर ती मी झाडलेली आहे."

"कुठे?" हरीशने विचारलं. तो शब्द त्याने दाराला कडी घालावी तसा घातला.

"राजस्थानात. बाहेर देशातली मंडळी रायफली दाखवायला आली होती. कारखान्यातून पेट्यांबरोबर मला पाठवलं होतं. वाळवंट, वैशाख, आणि लक्ष्य बाराशे मीटरवर, लोखंडी पत्रा. पाटाएवढा. त्यांचा नेमबाज उन्हाने आडवा झाला. ब्रिगेडियरसाहेब म्हणाले, कोण झोपतो रायफलीमागे? सगळे आपापले बूट बघायला लागले. मी म्हटलं, पेट्या मी आणल्यात, तर रिकाम्याही मीच करतो."

"आणि तुम्हाला दिली," हरीश म्हणाला.

"आधी थ्री हंड्रेड दिली. पहिली गोळी वाऱ्याने दीड हात डावीकडे. दुसरी सव्वा हात. मग ही दिली. धक्का म्हणाल तर म्हशीने ढुशी द्यावी तसा. पण गोळी सरळ. मी घोडा दाबतोय तोच उजवीकडून एक उंट निघाला, थेट पत्र्याच्या दिशेने. पावणेदोन सेकंद लागतात गोळीला तिथवर. मी उंटाला हाक मारली, तो जागच्या जागी थांबला, गोळी त्याच्या नाकासमोरून गेली आणि पत्रा वाजला."

"आवाज गोळीपेक्षा हळू जातो, बाबा. तुमची हाक पोचेपर्यंत उंट मेला असता."

"म्हणून तर हाक आधी मारली होती."

अंबरीश पुन्हा हसला. हरीश हसला नाही. तो सरसावून पुढे आला आणि त्याने उंटाला धरलं. उंट कुणाचा, रेंजवर उंट कसा, निशाण लावणारे काय झोपले होते, ब्रिगेडियरने फायर थांबवलं कसं नाही. प्रतापराव एकेका प्रश्नाला गोड तोंडाने उत्तर देत गेले आणि मनातून सुखावले. उंट त्यासाठीच सोडलेला असतो. कारखान्यात पाळीवर उशिरा आलं की ते साहेबाला सांगत, वाटेत हत्ती आडवा आला. साहेब हत्तीवरून अर्धा तास झापायचा आणि उशीर विसरून जायचा. समोरचा माणूस उंटामागे धावला की बाकीची गोष्ट मागच्या दाराने घरात शिरते.

"उंट खोटा आहे," शेवटी हरीश म्हणाला. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती.

प्रतापरावांनी मान खाली घातली. "आहे. उंट मी घातला. ऐकणाऱ्याला बरं वाटतं."

"म्हणजे तुम्ही कबूल करता."

"उंटापुरतं."

"उंट सोडा हो काका," अंबरीश म्हणाला. "बाकीचं?"

"बाकीचं जसंच्या तसं."

"आयुष्यभर असंच," उल्का दारात येऊन उभी होती. "माझ्या लग्नात बाबांनी यांच्या मंडळींना सांगितलं होतं की आमच्याकडे पाहुण्यांना तोफेची सलामी देतात. हरीशचे काका तासभर मांडवाबाहेर उभे होते."

"त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही," हरीश म्हणाला. "मला. यांना केव्हाच केलं."

"तुमच्या काकांना ऊन सोसत नाही, त्यात माझी काय चूक?"

अंबरीशने फोन काढला. पाचला वीस मिनिटं कमी होती. "हे बघ हरीश, पितळेवर तू हरलास. धक्क्याचा कॉलम तुझा, पण चौऱ्याहत्तरीचा माणूस सांगतोय की सोसतो, तर तू काय सांगतोस? मी थ्री थर्टी-एट कळवतोय."

"कळव. फॉर्मवर सही पण तूच कर. यांची जबाबदारी माझ्यावर नको. माझी गाडीही नको."

"माझ्या गाडीतून नेतो. काका, सकाळी सहाला तयार राहा. पहिल्या पाच गोळ्या तुमच्या."

प्रतापरावांना आत्ताच ऐकू आला छत्तीस वर्षं भिंतीपलीकडून आलेला तो आवाज. ते उठले, बसले, पुन्हा उठले. जावयाकडे बघून त्यांनी तोंडात जमेल तेवढी साखर घोळवली. "हरीशराव, मनात काही ठेवू नका. येताना तुमच्या कागदालाही एक भोक पाडून आणतो."

"खांद्याला बर्फ आधीच करून ठेवतो," हरीश म्हणाला. "घरातल्या म्हाताऱ्यांना झेपेल तेवढंच मी त्यांना करू देतो. बाकीच्यांनी काय करावं ते त्यांनी बघावं."

"म्हातारा कोणाला म्हणतोस?" उल्का म्हणाली.

"ज्याने स्वतःला ब्रिगेडियरच्या पुढे झोपवलं त्याला."

अंबरीशने रेंजला मेल पाठवून दिली. मग पाहुण्याचा फॉर्म उघडला, प्रतापरावांचं नाव पासपोर्ट बघून नीट भरलं आणि सहीच्या रकान्यापाशी थांबला. थांबण्यात शंका नव्हती. माणूस मुळातच काळजी करणारा. त्याला वाटलं, उद्या तिथं वेळ मोजून मिळणार, काकांची मान ताठ, दुर्बीण पुढे-मागे करण्यात त्यांच्या वाटची अर्धी मिनिटं जातील. आजच बेतून ठेवलेलं बरं. "एक मिनिट काका," म्हणून तो बाहेर गेला आणि गाडीतून स्वतःची रायफलीची दुर्बीण घेऊन आला. पाठोपाठ त्याने फरशी पुसायची लांब दांडी आणली, तिच्यावर ती दुर्बीण चिकटपट्टीने बांधली आणि गालिच्यावर दोन उशा मांडल्या.

"झोपा. त्या दिवशी झोपलात तसे. मला फक्त अंतर टिपून घ्यायचंय, म्हणजे उद्या रायफलीवर तेवढ्याच जागी बसवतो."

प्रतापराव गुडघ्यांवर आले, मग पोटावर. दांडीचं रबरी टोक खांद्याला लावलं. तेवढं त्यांना कारखान्याच्या भिंतीवरच्या चित्रांमधून माहीत होतं. खिडकीतून समोरच्या घराचं धुराडं दिसत होतं, त्याच्यावर त्यांनी रोख धरला. हरीश हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. उल्का पोळपाट हातात घेऊनच आली होती.

"दिसतंय?"

"गोल दिसतोय. कडेने काळं."

"मग नेमका डोळा आणा, जसा तुमचा बसतो तसा."

प्रतापरावांनी डोळा आणला. छत्तीस वर्षं तपासणीच्या भिंगावर आणला तसा. कडेने उजेड शिरू नये म्हणून भुवई काचेच्या कड्याला घट्ट टेकवून, पापणी अर्धी मिटून, श्वास रोखून. आता धुराड्याची वीट न् वीट दिसत होती. बोटाने त्यांनी हवेतला घोडा दाबला आणि तोंडाने बारीक आवाज काढला.

त्यांनी मान वळवून पाहिलं. हरीशच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उगवू लागलं होतं. अंबरीश खाली बसला होता आणि त्यांची भुवई जिथं कड्याला टेकली होती तिथल्या लालसर वळाकडे बघत होता. त्याने फोन उचलला, फॉर्म बंद केला आणि अगदी हळू, कोणाला हसू येणार नाही अशा आवाजात म्हणाला,

"काका, असा डोळा लावून थ्री थर्टी-एट झाडली असतीत, तर धक्क्याने मागे आलेल्या दुर्बिणीने ही भुवई हाडापर्यंत फाडली असती. तुम्ही ती झाडलेली नाहीत. तुम्ही कुठलीच कधी झाडलेली नाहीत."