पोच न आलेली ऑर्डर

बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर, श्यामसुंदरांची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती. औषधांच्या दुकानांतले कॉम्प्युटर तिच्या सर्व्हरकडे ऑर्डरी पाठवत आणि तो सर्व्हर गोदामाच्या सर्व्हरला कळवी. या यंत्रांनी आपसांत कसं बोलायचं ते नियम, म्हणजे प्रोटोकॉल, उत्तरेश्वरने फार पूर्वी एकट्याने रचले होते. दुसऱ्या कुणाला ते उमगत नसत. तो लातूरचा, म्हणून लोक त्या नियमांना 'लातूरची बोली' म्हणून चिडवत आणि उत्तरेश्वरला ते मनातून आवडे. ज्याची बोली दुसऱ्याला येत नाही, त्याला काढणार कोण?

मग इंटरनेट आलं आणि त्यापाठोपाठ वर्ध्याची सृष्टी आली. तिला कामाला त्यानेच तयार केलं. वर्षभरातच ती म्हणू लागली, आता सगळं जग वापरतं तो एचटीटीपी प्रोटोकॉल आपणही घेऊ. श्यामसुंदरांनी दोघांना समोर बसवलं.

"दोन पगार झेपत नाहीत. ज्याची पद्धत राहील, तो राहील. रडारड नको, भिंती पातळ आहेत."

सृष्टीने आपलं म्हणणं मांडलं झकास. इतकं, की उत्तरेश्वरला आपली नोकरी गेलीच असं वाटलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देतो?

"ऑर्डर पोचली, पण पोच परत येताना लाइन तुटली," तो म्हणाला. "दुकानाचा कॉम्प्युटर पुन्हा पाठवणार. माल दोनदा जाईल. मग?"

सृष्टी गडबडली. "ते... बघावं लागेल, सर."

उत्तर सोपं होतं. प्रत्येक ऑर्डरला नंबर द्यायचा. तोच नंबर पुन्हा आला, तर माल न पाठवता नुसती पोच द्यायची. त्याच्या बोलीत हेच होतं आणि तिच्या पद्धतीत बसवणं एका दुपारचं काम होतं. ओठांवर आलेलं त्याने गिळलं. लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

"लागला निकाल," श्यामसुंदर म्हणाले. "चहा घ्या."

महिनाअखेरीला सृष्टी निरोप घ्यायला आली. ती पाया पडायला वाकली तसा तो मागे सरकला.

"बरं झालं तुम्ही पकडलंत, सर. माझ्यामुळे केवढा घोळ झाला असता. तेव्हापासून डोकं फोडतेय. याला उत्तर असतं का हो?"

श्यामसुंदरांच्या केबिनचं दार उघडंच होतं.

"नसतं," तो म्हणाला.

"मग हे काम आपलं नव्हे. बाबा म्हणतात, गावी शाळेत जागा आहे."

"चांगलं आहे की," उत्तरेश्वर म्हणाला आणि तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला.