काहिलीतला दरवाजा

नवऱ्याच्या धुतलेल्या सदऱ्याच्या खिशातून निघालेला तो रंगाचा पोपडा नखाएवढा होता, आणि फेकायला म्हणून नीलांबरीनं हात उचललाही, पण बोटांत तो उलटा झाला आणि त्याची कड दिसली — वर बाटलीचा हिरवा, खाली फिका निळा, त्याखाली काळपट लाल... इतकी वर्षं हे सगळे एकमेकांना चिकटून एका मोटारीवर बसलेले, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला दिसणारा तेवढा हिरवाच. बाई गं, एवढंच तिच्या मनात आलं. सदरा हातात पिळलेला तसाच राहिला होता.

मोटार शामकांतांची. मोटार कसली म्हणा — कोल्हारच्या जुन्या डॉक्टरांच्या गोठ्यात कोंबड्यांनी अंडी घातलेला सांगाडा. साखर कारखान्यात टाइमकीपरी करणाऱ्या तिच्या नवऱ्यानं तो दिवाळीच्या सुमारास ओढून आणला आणि अंगणात उभा करून जाहीर केलं, की हिला पुन्हा रस्त्यावर आणायची. तिनं 'बरं' म्हटलं होतं. मधमाश्यांच्या पेट्यांनाही बरं म्हटलं होतं, होमिओपथीलाही, पोस्टानं शिकायच्या रेडिओलाही. आरंभ दणक्यात आणि शेवट माळ्यावर, हा ह्यांचा रिवाज. माळ्यावर आता जागा नव्हती, आणि मोटार काही तिथं चढणार नव्हती.

आज सांगायचं. नगरच्या भावाचा, राधाकृष्णचा, निरोप येऊन आठवडा झाला — मुलींच्या वसतिगृहात देखरेखीची जागा आहे, राहणं तिथंच, एक तारखेला हजर व्हायचं, हो की नाही ते कळव. मूलबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. भांडणही नव्हतं, तेच तर... भांडण असतं तर मी कधीच गेले असते. तिनं मनाशी पैज लावली होती: मोटारीचा जो दरवाजा सध्या मळ्यात भिजत पडला होता, तोही वाया गेला तर सांगायचं आणि निघायचं. धड निघाला, तर राहायचं. कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. पण स्वतःहून ठरवायला ती इतकी थकली होती, की एखाद्या पत्र्यानं ठरवलं तरी तिला चाललं असतं.

दुपारी दोघं गुऱ्हाळवाल्या मच्छिंद्रच्या मळ्यात निघाली. वैशाखाचं ऊन. चालताना तिला होळीपर्यंतचे दिवस आठवत होते — मोडक्या करवतीच्या पात्यानं रंग-गंज खरवडणं, काचपेपर, तारेचा ब्रश, ह्यांची सोललेली बोटं, भातात सुद्धा लाल धूळ. पैसे टाकून गॅरेजमध्ये करून घ्यायची ऐपत नव्हती, आणि दरवाजाच्या दुमडलेल्या कडांत तर पातंही शिरत नव्हतं. मग त्यांनी हात टेकले. चला, माळा, असं ती मनात म्हणाली होती. आणि एका संध्याकाळी कारखान्यातून आले ते हातात एक पाना घेऊन — मळीच्या टाकीत कधीतरी पडलेला, टाकी उपसताना सापडलेला. साखर काढून घेतल्यावर उरते ती काळी चिकट मळी, गुरांच्या तोंडची. तिच्यात पडून त्या पान्यावर गंजाचा ठिपका राहिला नव्हता. 'नीलू, हा बघ,' एवढंच म्हणाले. मच्छिंद्रचं गुऱ्हाळ हंगाम संपून बंद होतं, गूळ आटवायची काहील रिकामी. अर्ज करून मिळवलेली मळी तिच्यात पाणी घालून सोडली आणि दरवाजा आडवा बुडवला. त्याला तीनेक आठवडे झाले.

मच्छिंद्रची बायको छबूबाई पदर नाकाला लावून उभीच होती. "या वैनी. समदं गाव म्हनतंय, भाऊसाहेबांनी दारूची भट्टी लावली. म्या म्हनलं, न्हाई बाबांनो, दरवाजाचं लोनचं घातलंय."

"मुरलं असेल आता," शामकांत म्हणाले, आणि बाह्या वर सारल्या.

आंबूस गोड वासाचा भपकारा आला. तिघांनी धरून दरवाजा वर काढला. काळा चिखल ओघळला, विहिरीनं तळ गाठलेला असताना जपून आणलेली दोन बादल्या पाणी छबूबाईनं हळूहळू ओतलं — आणि खालून लोखंड आलं. राखाडी, मऊ, थंड. चकाकत नव्हतं. उघडं होतं. मोटारीच्या कारखान्यातून बाहेर पडल्यापासून हे कुणी पाहिलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही... कुणी घासलं नाही, ठोकलं नाही, आवाज नाही; त्या गोडव्यानं अंधारात पडल्या पडल्या जे खोटं होतं तेवढंच खाल्लं आणि खऱ्याला धक्का लावला नाही. नीलांबरीच्या अंगावर काटा आला. एवढी ताकद आणि एवढी मुकी! देवळातही आपल्याला असं कधी झालं नाही, हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं.

"अगं बया," छबूबाई म्हणाली, "खालून तर पार चाळन झालीय की."

खरंच होतं. खालची वीतभर कड नुसती जाळी; पलीकडची माती तिच्यातून दिसत होती. वर अख्खा, खाली नाही. धड म्हणावा की वाया? पैज लावणारीनं याचा विचारच केला नव्हता.

आता हे हात टेकणार, असं तिला वाटलं. पण शामकांतांनी वरून खाली सावकाश बोट आणलं, एका जागी थांबले, खडूनं रेघ मारली. "इथपर्यंत आहे. इथून खाली नाही. एवढं कापायचं, नवा पत्रा जोडायचा." आवाजात ना दुःख ना फुशारकी. इतक्या वर्षांत ह्या माणसानं कुठलीच गोष्ट कुठं संपते ते सांगितलं नव्हतं.

ओल्या लोखंडावर बघता बघता गंजाची पिवळसर झाक धरू लागली. त्यांनी तेलाची चिंधी घेतली, तिच्या हाती जुन्या लुगड्याचं कोरडं फडकं दिलं. ती पुसत होती, मागून ते तेल लावत होते. छबूबाई बादल्या घेऊन विहिरीकडे गेली.

"अहो," पैज बाजूला ठेवून ती म्हणाली, "राधाकृष्णनं नगरला जागा बघितलीय. वसतिगृहात. मी जायचं म्हणतेय."

त्यांचा हात थांबला नाही. "राहायचंही तिथंच?"

"हो."

त्यांनी चिंधी पुन्हा तेलात बुडवली. "ती कड आधी पूस. हवा लागली की धरतो." मग तिच्याकडे न बघता, "आपलं कुठपर्यंत उरलंय, ते मला असं बोट फिरवून नाही सांगता यायचं, नीलू."

तिच्या मनात आलं, मलाही सांगता यायचं नाही... जाईन की राहीन, हे सकाळी जेवढं ठाऊक होतं तेवढंही आता ठाऊक नव्हतं, आणि नवल हे, की त्याची भीती वाटत नव्हती. आत काहीतरी उघडं पडलं होतं, किती ते न मोजलेलं, आणि त्याला हवा लागत होती. तिनं फडक्याची कोरडी बाजू वर केली आणि कडेकडेनं पुसत राहिली.