अकरा वाजताची एरर

लॅपटॉप दिवसातून एकदा तरी निळा पडायचा आणि मी लाल. तीन आठवडे हेच चाललं होतं.

खरं तर तो गेम खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेला लॅपटॉप, कीबोर्डखाली लाल दिवे वगैरे. मी गेम खेळत नाही. मी घरांचे थ्रीडी फेरफटके करते. अजून न बांधलेल्या फ्लॅटच्या दारातून शिरायचं, सोफ्याला वळसा घालायचा, बाल्कनीत जायचं, असा दीड मिनिटाचा व्हिडिओ. त्याला असलंच दणकट मशीन लागतं. पुण्याच्या एका इंटिरियरवाल्यांनी मला चाचणी म्हणून आठ फेरफटके दिले होते. शुक्रवारपर्यंत आठवा गेला की काम पक्कं, तेही घरी बसून. नाही गेला तर कामोठ्याला मावसबहिणीच्या, अमिषाच्या खोलीत तिसरी म्हणून राहायचं आणि मिळेल तिथं चिकटायचं. म्हणजे इथं आई एकटी. बाबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच.

सात फेरफटके रडतखडत गेले. आठवा चाळीस टक्क्यांवर पोचला की पडदा निळा. कॉम्प्युटरच्या आत एक लॉग असतो, त्यात मशीन आपल्या सगळ्या कुरबुरी वेळेसकट लिहून ठेवतं. तिथं तीच ओळ शेकड्यांनी: हार्डवेअर एरर आली, दुरुस्त केली. अगं बये, दुरुस्त केलीस तर पुन्हा येतेस कशाला?

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? ड्रायव्हर काढले, पुन्हा घातले. बायोस, म्हणजे मशीनला जागं करणारा मूळ प्रोग्राम, नवा केला, तेव्हा तर देव पाण्यात घालून बसले होते. पहिल्या आठवड्यात, जेव्हा दिवसाला दोनतीनच एरर यायच्या, तेव्हा हेल्पलाइनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली होती, "मॅडम, समुद्राजवळ राहता, ओल लागली असेल. कोरड्या जागी ठेवा." मी फोन आपटला आणि सगळा राग आईवर काढला.

"कोरड्या जागी ठेवा म्हणे! श्रावणात या घरात कोरडी जागा आहे तरी कुठं? भिंतींना घाम येतो इथं!"

आई तांदूळ निवडत होती. ऐकत ऐकत निवडत राहिली.

त्यानंतर एरर दोनतीनच्या पन्नास झाल्या. शेवटी श्रीवर्धनला विनेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मशीन नेलं. त्यानं खालचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कोणी नाही."

"मग हे काय?" पंख्याच्या पात्यांवर चिकट काळी काजळी होती. "आणि वास कसला येतोय? सुकटीचा?"

पावसाळ्यात आमच्याकडे माणसांनाही सुकटीचा वास येतो, असं त्याला सुनावून मी मशीन साफ करून घेतलं आणि फणफणत घरी आले. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा निळं.

मंगळवारी मी लॉग पहिल्यांदा नीट वाचला. तोवर मी फक्त दुपारच्या नोंदी बघत होते, कारण मशीन दुपारी पडायचं. वर सरकवलं तर सकाळच्याही नोंदी. रोज पावणेअकरा ते बारा, तापमान वाढल्याच्या. त्या वेळी मी बोर्ली पंचतनला कॉम्प्युटर क्लासवर शिकवत असते. लॅपटॉप टेबलावर, झाकण मिटलेला, अर्धवट झोपेत. विजांच्या भीतीनं चार्जरसुद्धा मीच काढून जाते. मग हा एकटाच तापतो कशानं? रविवारी, मी घरी असताना, एकही नोंद नाही. आणि मधल्या एका वारीही नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती तारीख बघितली. संकष्टी. म्हणजे आता हार्डवेअर उपासही करायला लागलं! हसू आलं आणि रडूही. पण ती संकष्टी काही डोक्यातून जाईना.

बुधवारी साडेदहालाच क्लास सोडला. घरी आले तर टेबल रिकामं. स्वयंपाकघरात आई चुलीसमोर बसून फुंकणीनं फुंकत होती, भाताला नुकता कढ आला होता. चुलीच्या वर आमची फळी आहे. पावसाळ्यात ज्याला ज्याला ओल लागू नये ते सगळं तिच्यावर. मीठ, काडेपेटी, सुकटीचा डबा. आणि मधोमध, जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेला, धुराच्या लोटात, माझा लॅपटॉप.

संकष्टीला आई संध्याकाळीच चूल पेटवते.

"आई! काय केलंस हे?"

आई दचकून उभी राहिली. "अगं, तूच म्हनलीस ना, कोरड्या जागंत ठेवायचा. घरात हीच कोरडी हाय. रोज ठेवते, तू यायच्या आत टेबलावर परत नेते."

"रोज? तीन आठवडे मी वेड्यासारखी... तूच मोडलास तो! तूच!"

तिचा चेहरा असा उतरला की शब्द परत घेता आले असते तर घेतले असते. पण मी रागात होते. लॅपटॉप उचलला, ऊन लागत होता, आणि तशीच श्रीवर्धनची रिक्षा पकडली. विनेशनं पुन्हा काजळी काढली. या वेळी मी सिगारेटवरून भांडले नाही.

गुरुवारी क्लासला सुट्टी टाकली. बाहेरच्या खोलीत दार लावून आठवा फेरफटका चालू केला आणि समोर बसून राहिले. चाळीस टक्के. साठ. नव्वद. दीड वाजता पूर्ण झाला. पुण्याला पाठवला आणि लॉग उघडला. सकाळपासून एकही नोंद नाही.

"आई, गेला! आठवा गेला! वाढ भात!"

दार उघडलं आणि तेव्हा लक्षात आलं, घरात धुराचा वास नव्हता. चूल थंड होती. राख काढून सारवलेली. वरची फळी रिकामी, पुसून लख्ख. मीठ, सुकट, सगळं खाली मोरीजवळच्या कोनाड्यात. आई कालचा गार भात ताकात कालवून खात बसली होती. माझ्यासाठी गॅसवर दोन भाकऱ्या करून ठेवल्या होत्या.

"चूल का नाही पेटवलीस?"

"तुझ्या मशिनीला धूर लागतो ना. आता न्हाय पेटवायची."

"अगं, दार लावलं होतं मी. फळीवर ठेवलं नाही की झालं. चूल पेटव तू खुशाल."

"नको गं." तिनं भाताचा घास ताटातच पुढं सरकवला, खाल्ला नाही. "मशीन बिघडली तर तू जानार. मग चूल पेटवून करू काय? एकलीसाठी कोन चूल पेटवतं?"

मला स्वतःचाच इतका राग आला की तिथंच बसकण मारली. मग उठले, कोनाड्यातली काडेपेटी घेतली, चुलीत झावळ्या सारल्या. पहिल्या काडीचं गुल गळून पडलं. दुसरीचं नुसतं घासलं गेलं. तिसरी मोडली.

"पेट की!" मी काडीवर ओरडले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि धूर तर नव्हताच.

आईनं माझ्या हातातून काडेपेटी घेतली, बोटानं चाचपली.

"सादळली. आज न्हाय पेटायची." तिनं ती फळीवर ठेवली, मधोमध, जिथं लॅपटॉप असायचा तिथं. मग लायटरनं गॅस लावला, त्यावर झावळीचं एक टोक पेटवलं आणि चुलीत सारलं. "उद्या पेटंल."