साखरेचं टेबल

माझ्या भावाला पहिली नात झाली, त्याच वर्षी त्याचा मुलगा व्यसन सोडायला घरी परतला. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून सगळे त्याला ढब्बू म्हणत. मोठ्या कार्यक्रमांना दिवे लावायचं त्याचं काम, जागरणं फार. तिथंच कोकेनच्या पांढऱ्या भुकटीच्या रेघा नाकानं ओढायला शिकला आणि त्यात वर्षं गेली. दारात उभा राहिला तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"ये रे ढब्बू," मी म्हटलं.

"आता नाव बदला माझं, आत्या."

त्याच्या बहिणीनं आपलं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. बाळ हसलं. ढब्बूनं तिची मान नीट सांभाळली, पण बघत राहिला भिंतीकडे. मग हळूच म्हणाला, "आत्या, मला काहीच होत नाही गं. हिला बघून काहीतरी व्हायला हवं ना?"

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. "मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं. हवंसं काही समोर आलं की ते पाझरतं. कोकेननं ते इतकी वर्षं पुरासारखं वाहवलं, की आता साध्या सुखाला मेंदू दादच देत नाही. जेवण, गाणं, बाळ, सगळं सपक. सुधारेल, पण महिने लागतील."

"आणि तोवर?" भावानं विचारलं.

"जपा. बाकी सगळ्याला थंड पडलेला हाच मेंदू, कोकेनची आठवण देणारं काही दिसलं की खडबडून उठतो. जुने मित्र, जुन्या जागा टाळा. आणि मध्ये खंड पडल्यावर पूर्वीइतकं घेतलं, तर जीवावर बेतू शकतं."

भावानं त्याचा फोन बदलला. एक मित्र आला, त्याला फाटकातूनच पिटाळलं. ढब्बू मात्र दिवसभर पलंगाच्या कडेला बसून असायचा. पाव चावायचा आणि म्हणायचा, "पुठ्ठा."

आमची बेकरी. आमच्यात आजारातून उठलेल्याला भट्टीपाशी उभं करत नाहीत, साखरेच्या टेबलाशी बसवतात. खोली गार, काम बसून, चाळणीनं केकवर पिठीसाखर भुरभुरवायची. ऑपरेशननंतर मीही तिथंच बसले होते. भावानं मायेनं पोराला तिथं बसवलं. "हात चालले की मन ताळ्यावर येईल," म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या साखरेत वावरलेली आम्ही माणसं. आम्हाला ती फक्त साखर दिसत होती.

थोड्या वेळानं भाऊ दारातूनच ओरडला, "ताई, बघ! गडी रंगलाय कामात!"

खरंच, ढब्बूचे डोळे चमकत होते, गालांवर रंग चढला होता. मी टेबलाकडे पाहिलं. सांडलेली साखर त्यानं पात्यानं ओढून बारीक रेघा केल्या होत्या, एकीशेजारी एक.

"ढब्बू, ऊठ तिथून."

त्यानं मान खाली घातली. "किती दिवसांनी काहीतरी वाटलं, आत्या. तेही ह्या रेघा बघूनच." टेबल लखलखीत पुसलं, ॲप्रन काढला. "जरा हवा खाऊन येतो."

"अरे, धर त्याला!" मी भावाला म्हटलं.

"जाऊ दे गं, आज कुठे खुललाय."

मी त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले. तो दिसला नाही.

माझा भाचा ढब्बू त्याच दिवशी, मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी, जुन्या मित्राच्या खोलीत वारला. पूर्वीइतकंच घेतलं होतं.