गावच्या पाण्याच्या रंगाचा दात

मी एक जुना दात आहे. उगवलेला नव्हे, बसवलेला. न्देशीबाईंच्या वरच्या ओळीत अगदी समोर माझे घर आहे. मित्रांनो, दाताचे अर्धे आयुष्य झोपेतच जाते. तोंड मिटले की ऊबदार अंधार असतो. ती हसली की एकदम गावामागचा मेरू डोंगर दिसतो, केळीची बाग दिसते, अंगणातल्या शेळ्या दिसतात. त्यामुळे मी काय पाहिले आणि काय नुसते स्वप्नात पाहिले, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

माझा जन्म टांझानियातल्या अरुशा शहरातल्या एका लहानशा भट्टीत झाला. न्देशी तेव्हा नुकती शाळा संपवलेली मुलगी होती. पळत सुटलेली शेळी धरताना ती दगडावर आपटली आणि तिचा पुढचा दात मोडला. दात घडवणारे किटोमारीकाका तिला म्हणाले, "हस बघू पोरी." ती ओठ घट्ट आवळून बसली, कारण तिचे सगळेच दात तपकिरी होते. आमच्या झऱ्याच्या पाण्यात फ्लोराइड फार आहे. ते पिऊन वाढलेल्या प्रत्येकाच्या दातांवर असे पट्टे उमटतात.

"काका, हा तरी पांढराशुभ्र करा ना," ती हळूच म्हणाली.

"एकटाच पांढरा? मग लोक त्याच्याशीच बोलत बसतील, तुला कोण विचारतंय!"

ती खुदकन हसली आणि काकांना हवे ते दिसले. त्यांनी बारीक कुंचल्याने माझ्या अंगावर तपकिरी लाटा रंगवल्या आणि मला भट्टीत भाजले. चिनी मातीत रंग असा मुरला की तो पुन्हा कधी निघायचा नाही. मी जागेवर बसलो तेव्हा तिच्या सख्ख्या बहिणीलाही मला ओळखता आले नाही. केवढा अभिमान वाटला मला! पुढे वर्षे गेली आणि न्देशीही मला विसरली. मी तिचाच होऊन गेलो. चर्चच्या गायकवृंदात ती गायची, तेव्हा सगळी गाणी माझ्या अंगावरून बाहेर पडत. तसे सुख दुसरे नाही.

मग तिच्या लेकीचे, पेंडाचे लग्न ठरले. मुलगा दार-एस-सलामचा, समुद्राकाठचा. आमच्याकडे लग्नाआधी मुलीच्या घरी पाठवणीचा मोठा समारंभ होतो. एकेका नातेवाइकाचे नाव पुकारतात, आणि त्याने उभे राहून व्याह्यांकडे पाहून हसायचे असते. आई तर निरोपाचे गाणेही गाते. न्देशीच्या नणंदेने, एलिनामीने तिला चांगलेच घाबरवून सोडले.

"वहिनी, त्या लोकांचे दात बघितलेस? नुसतं खोबरं! आणि तू काय, तोंडावर हात धरून गाणार?"

न्देशीला आपली लाज नव्हती वाटत. तिला धास्ती होती ती पेंडाची. आईच्या दातांवरून सासरी लेकीला कोणी हिणवले तर? एलिनामीने तिला बाजारातल्या वेण्या घालणाऱ्या दुकानात नेले. तिथल्या मुलीने पुडीतले दात उजळायचे औषध कालवले आणि सगळ्या ओळीला फासले. एखादा दात बसवलेला आहे का, किडलेला आहे का, हे तिने विचारले नाही. न्देशीने सांगितले नाही, कारण मी तिच्या ध्यानातच नव्हतो. माझे शेजारी कळवळले, हिरड्या पोळल्या. मला मात्र काहीच झाले नाही.

घरी येऊन तिने आरसा घेतला. शेजारी फिकट पडले होते आणि त्यांच्यावर खडूसारखे ठिपके उठले होते. त्यांच्या मधोमध मी, तसाच तपकिरी! "अगं बाई, हा कोण?" असे म्हणून तिने माझ्यावर बोट ठेवले. मग तिला किटोमारीकाका आठवले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या रंगाची पहिल्यांदा लाज वाटली.

दातांच्या डॉक्टर म्बिसेबाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, माझ्याकडे आधी यायचं ना! हे औषध उगवलेल्या दातावरच चालतं. बसवलेला दात, भरलेली जागा तशीच राहते. पाण्याचे डागही पुरते जात नाहीत, कधी कधी जास्तच उठून दिसतात. आणि हिरड्या दुखऱ्या असताना तर औषध लावूच नये."

"मग हा काढा. नवा पांढरा बसवा, आजच्या आज."

तिचे तोंड उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. मी गारठलो.

"आज नाही. बाकीच्यांचा रंग आधी स्थिरावू दे, त्याला काही आठवडे लागतात. नाहीतर नवाही जुळायचा नाही."

समारंभ तर शनिवारी होता. मांडवात "वधूची आई!" असा पुकारा झाला. न्देशी उभी राहिली, पण तोंडावरचा हात काही निघेना. वाद्ये वाजून थांबली. तेव्हा पेंडा उठून तिच्याजवळ आली.

"आई, हात काढ. गा ना."

"एक दात वेगळा दिसतो गं. हसतील सगळे."

पेंडाने तो हात अलगद खाली घेतला, वाकून पाहिले आणि हसत सुटली. तिचे दात माझ्याच रंगाचे होते. "हाच तर माझा ओळखीचा आहे! बाकीचे कुठून आणलेस?"

न्देशी इतकी हसली की माझ्यासमोर सगळा मांडव उघडला. मग ती गायली. व्याह्यांकडच्या बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. तो खरा होता की माझ्या स्वप्नातला, मी कोणाला विचारले नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी नव्या दाताचा विषय काढला, तेव्हा न्देशी म्हणाली, "राहू दे. पोरगी ओळखते त्याला." आता शेजारी चहा पिऊन पिऊन हळूहळू माझ्या रंगाकडे परत येत आहेत.

मित्रांनो, दात उजळायचे तर खुशाल उजळा. पण आधी डॉक्टरांना दाखवा, आणि माझ्यासारखा कोणी तुमच्याकडे राहत असेल तर त्याची आठवण ठेवा. आम्हाला रंग बदलता येत नाही.

दर रविवारी दार-एस-सलामहून फोन येतो आणि त्यात पेंडा दिसते. "आई, आधी हस," ती म्हणते. अंधार उघडतो, आणि पहिला मी दिसतो.